मेदाची प्रथिने आणि हृद्‌रोग : चिन्ह व कारण ह्यांच्या विवेकाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीरक्रियाविज्ञानाने मेदाला दिलेले स्थान अगदीच गौण होते. यकृत, मूत्रपिंड, अवटु ग्रंथी ह्यांच्या कार्याची चर्चा विस्ताराने होई. मेदाचे कार्य मात्र अन्नाचा साठा, थंडीपासून रक्षण करणारे अस्तर आणि नाजूक इंद्रियांभोवतीची गादी एवढ्यावर आटोपत असे. बळदात धान्य पडून असावे तसा तो शरीरात पडून असतो, गरज पडली की उपसला जातो आणि सुबत्ता आली की पुन्हा भरला जातो, अशी सर्वसाधारण समजूत होती. आज त्याच मेदातून रक्तात स्रवणाऱ्या शेकडो प्रथिनांची नोंद झाली असून, शरीरातील सर्वांत विस्तीर्ण अंतःस्रावी इंद्रियांपैकी एक म्हणून त्याची गणना होते.

हे स्थित्यंतर बहुधा विजयगाथेच्या थाटात सांगितले जाते आणि लठ्ठपणाच्या अभ्यासापुरते ते अयोग्यही नाही. परंतु ह्या प्रथिनांचा हृद्‌रोगाशी असलेला संबंध डोळ्यांपुढे ठेवून तोच इतिहास वाचू लागले, की त्याची वाट इतकी सरळ राहत नाही. जी प्रथिने निःसंशयपणे मेदाचीच होती, त्यांचा हृद्‌रोगाशी असलेला कारणसंबंध तपासाअंती डळमळीत ठरला. आणि ज्या प्रथिनावर मेदाचा कसलाच एकाधिकार नव्हता, ते मात्र कसोटीस उतरले. हे कसे घडले, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

साठवणीच्या कल्पनेला पहिला तडा रसायनशास्त्राकडून गेला. जड हायड्रोजनाचा शोध न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1931 साली लागला होता. जर्मनीतून 1933 मध्ये परागंदा व्हावे लागलेला रुडॉल्फ शोएनहायमर त्याच विद्यापीठात आला आणि डेव्हिड रिटेनबर्गसह त्याने 1935 साली ह्या हायड्रोजनाने खूण केलेला मेद उंदरांना खाऊ घातला. आहार तुटपुंजा असल्यामुळे उंदीर तो मेद लगेच जाळून टाकतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात खूण केलेल्या मेदाचा मोठा भाग शरीरातील मेदसाठ्यांत जाऊन मिसळलेला आढळला. म्हणजे उंदराचे वजन घटत असतानाही त्याच्या मेदात जुने बाहेर जाणे व नवे आत येणे अखंड चालू होते. जर्मनीतूनच जेरुसलेमला गेलेल्या अर्न्स्ट वेर्टहायमरने बेन्झिऑन शपिरोच्या सहकार्याने 1948 मध्ये मेदाच्या शरीरक्रियेविषयी जो विस्तृत समालोचनात्मक निबंध प्रसिद्ध केला, त्यात मेद हे चयापचयाच्या दृष्टीने सजीव व नियंत्रित असे ऊतक असल्याचे साधार प्रतिपादन आढळते. एका राष्ट्राने हाकलून दिलेल्या दोन शास्त्रज्ञांनी ह्या विषयाचा पाया घातला, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

मेद सजीव आहे हे मान्य झाले, तरी तो रक्तात काही संदेश सोडीत असेल ही कल्पना अद्याप दूर होती. हृद्‌रोगाशी त्याचा संबंध दुसऱ्याच दिशेने जुळत होता. मार्सेय येथील वैद्य झाँ वाग ह्याने 1947 साली असे दाखविले की, लठ्ठपणा हा केवळ वजनाचा प्रश्न नसून मेद कोठे साठतो ह्याचा प्रश्न आहे. धडाच्या वरच्या भागात साठणारा, पुरुषी म्हणावा असा मेद मधुमेह व रोहिणीविकार घेऊन येतो. नितंब व मांड्यांवरील मेद त्या मानाने निरुपद्रवी असतो. वागने हाच विचार 1956 मध्ये इंग्रजीत मांडला. तथापि त्याकडे पुरेसे लक्ष जाण्यास आणखी पाव शतक जावे लागले. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावी 5,209 स्त्रीपुरुषांची जी दीर्घकालीन पाहणी 1948 साली सुरू झाली, तिने रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान ह्यांना जोखमीचे घटक म्हणून प्रतिष्ठा दिली. लठ्ठपणा हा स्वतंत्र घटक आहे की रक्तदाब वगैरेंच्या आडून काम करणारा, ह्याविषयी मात्र तेथेही दीर्घकाळ संदेह होता. तो स्वतंत्र आहे असा निष्कर्ष 26 वर्षांच्या पाहणीनंतर, 1983 साली निघाला. योगायोग असा की, त्याच वर्षी जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या युजी मात्सुझावा ह्यांच्या गटाने संगणकीय क्ष-किरण चित्रणाने पोटातील आंत्रावरणीय मेद त्वचेखालील मेदापासून वेगळा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. वागच्या निरीक्षणाला आता मोजमाप मिळाले. हा ओसाका गट पुढेही पुन्हा भेटणार आहे.

मेदाच्या संदेशाचा शोध लागला तो हृद्‌रोगाच्या अभ्यासातून नव्हे, तर भुकेच्या अभ्यासातून. आणि त्याचे श्रेय प्रथम उंदरांना द्यावे लागते. केंब्रिजच्या गॉर्डन केनेडीने 1953 साली अशी उपपत्ती मांडली होती की, शरीरातील मेदाचे प्रमाण मेंदूतील अधोथॅलॅमस ह्या भागाला कोणत्या तरी मार्गाने कळत असले पाहिजे आणि त्यानुसार भूक कमीजास्त होत असली पाहिजे. तो मार्ग कोणता, हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावर, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एक विलक्षण लठ्ठ उंदीर जन्मास आला होता. त्याचे वर्णन 1950 साली प्रसिद्ध झाले. हा दोष एकाच जनुकाच्या उत्परिवर्तनाने येई. अशा उंदराचे वजन साधारण उंदराच्या सुमारे तिप्पट होई आणि तो अखंड खात राही. पुढे 1966 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या एका उत्परिवर्तनाचे वर्णन आले. त्यातील उंदीर लठ्ठ तर असतच, शिवाय त्यांना तीव्र मधुमेहही होई.

मूळचा कॅनडाचा डग्लस कोलमन 1958 पासून तेथे काम करीत होता. त्याने अवलंबिलेली रीत रानटी वाटेल, पण तर्कदृष्ट्या ती अत्यंत स्वच्छ होती. दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवून त्यांचे रक्ताभिसरण जोडावयाचे आणि कोणाच्या रक्ताचा कोणावर काय परिणाम होतो ते पाहावयाचे. मधुमेही उंदीर साधारण उंदराला जोडला तेव्हा साधारण उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. मधुमेही उंदीर मात्र खातच राहिला. मधुमेही उंदीर पहिल्या लठ्ठ उंदराला जोडला तेव्हा लठ्ठ उंदीरही तसाच उपाशी मेला. लठ्ठ उंदीर साधारण उंदराला जोडला असता त्याची भूक कमी झाली, पण दोघेही जगले. 1969 ते 1973 ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांवरून कोलमनने अनुमान काढले : तृप्तीचा एक पदार्थ रक्तातून फिरतो, लठ्ठ उंदराला तो तयार करता येत नाही, मधुमेही उंदीर तो विपुल प्रमाणात तयार करतो, पण त्याला त्याची जाणीव होत नाही. पदार्थ हाती नव्हता, त्याचे नावही नव्हते, आणि लठ्ठपणा हा इच्छाशक्तीचा दोष मानणाऱ्या त्या काळात अनेक सहकाऱ्यांना हे अनुमान पटलेही नाही. कोलमनने तो पदार्थ वेगळा काढण्याची खटपट केली; ती सफल झाली नाही.

ती सफल झाली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. जेफ्री फ्रीडमन ह्याच्या गटाने अनेक वर्षे खपून उंदराच्या गुणसूत्रावर त्या जनुकाची जागा निश्चित केली आणि डिसेंबर 1994 मध्ये तिचे वाचन प्रसिद्ध केले. हा जनुक मेदपेशींत कार्यरत होता आणि तो 167 अमिनो अम्लांचे एक प्रथिन घडवीत होता. कृश ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन असे नाव मिळाले. 1995 च्या डिसेंबरात त्याचा ग्राही सापडला, आणि मधुमेही उंदरात दोष असतो तो नेमका ह्याच ग्राहीत, हेही लवकरच दिसून आले. वीस वर्षांपूर्वी केवळ शिवलेल्या उंदरांवरून कोलमनने काढलेले अनुमान अक्षरशः खरे ठरले. 2010 चे लास्कर पारितोषिक त्या दोघांना मिळून देण्यात आले.

लेप्टिनविषयीच्या अपेक्षा मात्र वर्षा-दोन वर्षांतच ओसरल्या. लठ्ठ माणसात लेप्टिन कमी असेल आणि ते टोचले की मेद झडेल, असा साधा हिशेब होता. 1996 मध्ये अमेरिकेतील एका पाहणीत लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात सरासरी 31.3 आणि साधारण वजनाच्या व्यक्तींत 7.5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लेप्टिन आढळले. लठ्ठ माणूस पहिल्या उंदरासारखा नसून बहुतांशी दुसऱ्यासारखा होता : संदेश विपुल, पण तो ऐकणारा बधिर. लेप्टिन जन्मतःच नसलेली मुले फार थोडी. 1997 मध्ये केंब्रिज येथे अशा पहिल्या दोघांचे वर्णन झाले आणि त्यांच्या बाबतीत हे प्रथिन खरोखरच संजीवनी ठरले. बाकीच्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

औषध म्हणून जे निरुपयोगी, ते चिन्ह म्हणून उपयोगी पडेल काय, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. पश्चिम स्कॉटलंडमधील पुरुषांवर कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका औषधाची जी मोठी चाचणी झाली होती, तिच्यात जपून ठेवलेले रक्तनमुने हाताशी होते. पाच वर्षांत हृद्‌विकाराचा झटका वगैरे आलेले 377 पुरुष आणि तुलनेसाठी घेतलेले 783 पुरुष ह्यांच्या नमुन्यांत लेप्टिन मोजले गेले. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लेप्टिन एका प्रमाण विचलनाने वाढले की जोखीम सव्वापट होते, आणि वजन, रक्तदाब, रक्तातील मेद हे सारे हिशेबात धरूनही ती 1.20 पट राहते. मेदातील एका प्रथिनाचा हृद्‌रोगाशी स्वतंत्र संबंध दाखविणारा हा एक आरंभीचा मोठा पुरावा होता. परंतु त्याच संशोधकांपैकी काहींनी 2009 मध्ये ब्रिटनमधील दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत हेच तपासले आणि आधीच्या पाहण्यांचीही बेरीज मांडली, तेव्हा हा संबंध माफक आणि बहुतांशी वजनातूनच आलेला दिसला. लेप्टिन मोजणे म्हणजे महागड्या रीतीने मेद मोजणे, असेच ह्याचे तात्पर्य. त्यासाठी तराजू व दोरी पुरेशी होती.

दुसऱ्या प्रथिनाची कथा ह्याहून अधिक गुंतागुंतीची आणि अधिक बोधप्रद आहे. हे प्रथिन 1995 व 1996 ह्या दोन वर्षांत चार प्रयोगशाळांना एकमेकींशी संबंध नसताना सापडले आणि चौघींनी त्याला चार नावे दिली. मॅसॅच्युसेट्समधील व्हाइटहेड संस्थेत फिलिप शेरर व हार्वे लोडिश ह्यांना, जवळच्याच बॉस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन ह्यांच्या गटाला, जपानमध्ये मानवी रक्तद्रवातून प्रथिने वेगळी करणाऱ्या एका गटाला आणि ओसाकाच्या मात्सुझावा गटाला. ह्यांपैकी ओसाकाची वाट लक्षणीय होती. त्यांनी कोणत्याही एका पदार्थाचा माग काढला नव्हता. मेदऊतकात कोणकोणते जनुक कार्यरत असतात ह्याची त्यांनी सरसकट मोजदाद केली. त्वचेखालील मेदातील सुमारे 20 टक्के व आंत्रावरणीय मेदातील सुमारे 30 टक्के जनुक बाहेर स्रवणाऱ्या प्रथिनांचे आढळले. साठवणीच्या पेशींत एवढ्या प्रमाणावर निर्यातीचा माल तयार होत असेल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. ह्या यादीत सर्वाधिक प्रमाणात आढळलेला जनुक आजवर अपरिचित होता. त्याच्या प्रथिनाला पुढे ॲडिपोनेक्टिन हे नाव रूढ झाले.

ॲडिपोनेक्टिन रक्तात लेप्टिनच्या हजारपटीने असते. रक्तद्रवातील एकूण प्रथिनांचा सुमारे दहा-हजारावा भाग एकट्या त्याचा असतो. मेदच ते तयार करतो, म्हणून मेद वाढला की तेही वाढावे अशी अपेक्षा. 1999 साली ओसाका गटाने मोजले ते नेमके उलट : लठ्ठ व्यक्तींत ॲडिपोनेक्टिन कमी. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ह्या घटीला विरोधाभासात्मक म्हटले. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. रोहिणीच्या आतील अस्तराच्या पेशींवर दाहकारक द्रव्य टाकले, की त्या चिकट बनून पांढऱ्या पेशींना धरून ठेवू लागतात, आणि रोहिणीत लेप बसण्याची सुरुवात येथूनच होते. ॲडिपोनेक्टिन असले की हा चिकटपणा कमी होतो. शिवाय हृद्‌रोहिणीचा विकार असलेल्या रुग्णांत हे प्रथिन सारख्याच वजनाच्या निरोगी व्यक्तींपेक्षा कमी आढळले. रोहिणीविकाराकडे कल असलेल्या उंदरांत ते कृत्रिम रीतीने वाढविले असता लेप कमी झाले, हे 2002 मध्ये दिसून आले. मेद स्वतःच रोहिणीचा रक्षक निर्माण करतो आणि मेद फुगला की हा रक्षक क्षीण होतो, अशी उपपत्ती तयार झाली. ती सुबक होती. कदाचित फारच सुबक.

लोकसंख्येच्या पाहणीनेही प्रथम तिलाच पुष्टी दिली. अमेरिकेतील वैद्यक व्यवसायांतील 18,225 पुरुषांच्या पाहणीत सहा वर्षांत 266 जणांना हृद्‌विकाराचा झटका आला किंवा त्याने मृत्यू आला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, ॲडिपोनेक्टिनप्रमाणे पाडलेल्या पाच गटांपैकी सर्वांत वरच्या गटाची जोखीम सर्वांत खालच्या गटाच्या 0.39 पट होती. एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो, आणि त्यानंतर ॲडिपोनेक्टिनवर निबंधांचा पूर लोटला हे स्वाभाविक होते.

तथापि पुढच्याच दोन वर्षांत हा बुरूज ढासळू लागला. ब्रिटनमधील 60 ते 79 वयाच्या स्त्रियांच्या पाहणीत 2005 साली असा काही संबंध आढळला नाही. 2006 मध्ये नवीद सत्तार व सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांतील 589 रुग्ण व 1,231 तुलनार्थी ह्यांचे निष्कर्ष मांडले. वरचा व खालचा तृतीयांश ह्यांतील जोखमीचे गुणोत्तर 0.89 इतके, म्हणजे जवळजवळ समसमान होते. आधीच्या पाहण्या मिळवून सात पाहण्यांतील 1,313 रुग्णांची बेरीज केली तेव्हा ते 0.84 आले, आणि त्याची विश्वसनीयतेची मर्यादा 0.70 पासून 1.01 पर्यंत पसरली होती. संबंध असलाच तर बेताचा, असाच ह्याचा अर्थ.

ह्याहूनही मोठा धक्का कोपनहेगनहून आला. हृदयाची कार्यक्षमता खालावलेल्या 195 रुग्णांची पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. त्यात ज्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन अधिक, ते अधिक संख्येने मरण पावले. जो रक्षक म्हणून गाजला, तो मृत्यूचा अग्रदूत ठरावा हे कोडेच होते. त्याचा काही उलगडा 2009 मध्ये जपानमधून झाला. ताणाखाली आलेले हृदय मूत्रातून सोडियम बाहेर टाकणारी काही संप्रेरके सोडते, आणि ही संप्रेरके मेदपेशींकडून अधिक ॲडिपोनेक्टिन करवून घेतात. येथे कारण व कार्य ह्यांची दिशाच उलटली. हृदय बिघडले म्हणून प्रथिन वाढले. प्रथिनाने हृदयाचे काही केले असे नव्हे. शिवाय अशा रुग्णांचे मांस व मेद झडत जातो, आणि मेद घटला की हे प्रथिन वाढते. एकच आकडा एका माणसात आरोग्याची खूण आणि दुसऱ्यात मरणाची, हे ॲडिपोनेक्टिनविषयीचे सत्य पंधरा-वीस वर्षांच्या परिश्रमातून हाती आले.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे धूमाग्नीचे जुने उदाहरण आठवेल. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष असले, तरी धूर हे अग्नीचे कारण नव्हे, आणि धूर पंख्याने हाकलून आग विझत नाही. वैद्यकाला हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. अडचण अशी की, माणसांच्या रक्तात दोन गोष्टी एकत्र आढळल्या असता त्यांतील धूर कोणता व अग्नी कोणता हे सांगणारी कसोटी दीर्घकाळ हाती नव्हती. ती अनुवंशशास्त्राने दिली. कोणाला कोणता जनुकभेद मिळावा हे गर्भधारणेच्या वेळी जणू नाणेफेकीने ठरते. त्याचे पुढील आयुष्यातील आहार, धूम्रपान, वजन ह्यांच्याशी सहसा लागेबांधे नसतात, आणि आजाराने जन्मजात जनुक बदलत नाहीत. एखाद्या जनुकभेदाने ॲडिपोनेक्टिन जन्मभर अधिक राहत असेल आणि ॲडिपोनेक्टिन खरोखर रक्षक असेल, तर अशा माणसांत हृद्‌रोग कमी आढळला पाहिजे. ह्या मेंडेलीय यादृच्छिकीकरणाच्या रीतीने 2016 मध्ये अनेक देशांतील रुग्णांच्या माहितीवर ही तपासणी झाली. हृद्‌रोग कमी आढळला नाही. लठ्ठपणा, इन्शुलिनचा प्रतिरोध, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण ह्यांच्या सावलीसारखे ॲडिपोनेक्टिन कमीजास्त होत होते, असा त्याचा निष्कर्ष होय.

मध्यंतरी इतर प्रथिनांनीही डोके वर काढले होते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात 2001 साली उंदराच्या मेदपेशींत सापडलेले रेझिस्टिन माणसात मात्र मुख्यतः महाभक्षी पेशींत तयार होते, असे निघाले. 2005 मध्ये गाजावाजाने जाहीर झालेल्या व्हिस्फॅटिनचा मूळ निबंध 2007 साली मागे घ्यावा लागला. त्यांची कथा लांबविण्याचे कारण नाही.

आता उरते ते इंटरल्यूकिन-6. ह्याला मेदाचे प्रथिन म्हणणे हीच एक सवलत होय, कारण ते प्रतिकारपेशी, स्नायू, रक्तवाहिन्यांचे अस्तर अशा अनेक ठिकाणी तयार होते. परंतु लंडन येथे जॉन यडकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली एक साधे मोजमाप केले. पोटाच्या त्वचेखालील मेदातून निघणाऱ्या नीलेतील रक्त आणि तिकडे जाणारे रोहिणीतील रक्त ह्यांची त्यांनी तुलना केली. बाहेर पडणाऱ्या रक्तात इंटरल्यूकिन-6 अधिक होते, आणि विश्रांतीच्या स्थितीत रक्तातील त्याचा सुमारे 30 टक्के भाग मेदातून येत असावा असा अंदाज त्यावरून करण्यात आला. हे द्रव्य यकृताला सी-प्रतिक्रियाशील प्रथिन तयार करावयास लावते, आणि दाहाचे चिन्ह असलेले ते प्रथिन हृद्‌रोगाची पूर्वसूचना देते असे त्याच काळात दिसत होते. 1999 मध्ये यडकिन ह्यांनी ह्या कड्या जोडून दाखविल्या : लठ्ठ पोट, त्यातून झिरपणारे इंटरल्यूकिन-6, यकृताचा प्रतिसाद, रोहिणीचा मंद दाह. मेदातील महाभक्षी पेशींचा सुळसुळाट 2003 साली उघड झाला तेव्हा ह्या दाहाला ठावठिकाणाही मिळाला.

ह्याच यडकिन ह्यांचा पुण्याशी आलेला संबंध येथे सांगणे प्राप्त आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात चित्तरंजन याज्ञिक व सहकारी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व त्यांची अर्भके ह्यांची पाहणी करीत आले आहेत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ह्या अर्भकांचे सरासरी जन्मवजन 2.7 किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे 3.5 किलोग्रॅम होते. ही घट मांसाची व आतील इंद्रियांची होती. त्वचेखालील मेद त्या मानाने राखला गेला होता. हाडकुळे दिसणारे भारतीय अर्भक आतून मेदस्वी असते, असा हा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी याज्ञिक व यडकिन ह्यांनी लॅन्सेट ह्या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची व वजनावरून काढलेला दोघांचा देहभारांक सारखाच, 22.3, पण यडकिन ह्यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के व याज्ञिक ह्यांच्या शरीरात 21.2 टक्के. विनोदाची झाक असलेल्या त्या पानभर मजकुराने एक गंभीर प्रश्न उभा केला. युरोपीय लोकांच्या वजनावर आधारलेल्या मर्यादा भारतीयांच्या हृद्‌रोगाचा अंदाज घेण्यास अपुऱ्या आहेत, आणि तराजू व दोरीने भागते हे लेप्टिनसंबंधीचे उत्तर पुण्याच्या माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

वागने ज्या पोटाच्या मेदाकडे 1947 मध्ये बोट दाखविले होते, तेथवर पोहोचणे सोपे नव्हते, कारण त्याचे रक्त हाताच्या नीलेत येत नाही. ते प्रवेशिनी नीलेतून थेट यकृतात जाते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे 2007 साली, अतिलठ्ठ अशा 25 रुग्णांच्या जठरावरील शस्त्रक्रियेच्या वेळी हे रक्त घेण्यात आले. प्रवेशिनी नीलेतील इंटरल्यूकिन-6 रोहिणीतील प्रमाणापेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी अधिक होते, आणि जितके ते अधिक तितके सी-प्रतिक्रियाशील प्रथिनही अधिक. लेप्टिन मात्र तेथे रोहिणीपेक्षा कमीच होते.

अनुवंशशास्त्राची कसोटी ह्या साखळीलाही लावण्यात आली, आणि तिने साखळीचे दोन तुकडे केले. जन्मभर सी-प्रतिक्रियाशील प्रथिन अधिक ठेवणाऱ्या जनुकभेदांनी हृद्‌रोग वाढत नाही, हे 2011 साली सिद्ध झाले. म्हणजे तो धूर होता. 2012 साली 51,441 रुग्ण व 1,36,226 तुलनार्थी ह्यांच्या माहितीवरून दिसले की, इंटरल्यूकिन-6 च्या ग्राहीचे काम मंदावणाऱ्या जनुकभेदाच्या प्रत्येक प्रतीमागे हृद्‌रोगाची शक्यता 3.4 टक्क्यांनी घटते. आकडा लहान आहे. पण ॲडिपोनेक्टिनच्या बाबतीत नेमका हाच आकडा शून्यापासून वेगळा काढता आला नव्हता.

औषधाची परीक्षा त्यानंतर झाली. पूर्वी हृद्‌विकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाचे चिन्ह शिल्लक असलेल्या 10,061 रुग्णांना, इंटरल्यूकिन-6 च्या आधीची कडी असलेल्या इंटरल्यूकिन-1 बीटाला रोखणारे प्रतिपिंड किंवा त्याऐवजी निष्क्रिय द्रव्य टोचण्यात आले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दर तीन महिन्यांनी 150 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत पुन्हा झटका येणे, पक्षाघात अथवा हृद्‌रोगाने मृत्यू ह्यांचे एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी कमी झाले. रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र घटले नव्हते. त्याच रुग्णांत प्राणघातक जंतुसंसर्ग निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळला, आणि सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही.